लॅपटॉपला चिकटपट्टी

परवा रात्री लॅपटॉपच्या स्क्रीनवर वहीचा कागद कापून चिकटपट्टीने लावला. बायकोने विचारलं, "आता हे काय नवीन?" गेममधल्या खेळाडूंचे रेटिंग, म्हणजे त्यांना दिलेले आकडे झाकतोय, असं सांगितलं असतं तर तिने लॅपटॉपच झाकला असता. म्हटलं, स्क्रीनवर रेघ आलीये.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बास्केटबॉल मॅनेजमेंटच्या गेममध्ये आपण चेंडूला हात लावत नाही. संघ आपला, तिजोरी आपली. कोणाशी करार करायचा, कोणाला विकायचं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणतं पोरगं उचलायचं, कोणते पाच जण उतरवायचे, हे ठरवायचं आणि बटण दाबायचं. सामना कॉम्प्युटर खेळतो. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, 82 सामन्यांचा सीझन दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागायच्या आत संपतो. मे महिन्यात जळगावात अकरानंतर बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा गेली सहा-सात वर्षं माझं हे व्यसन चालू आहे. गेमचं नाव लिहीत नाही, कारण तीन-चार खेळून पाहिले आणि दुखणं सगळ्यांचं एकच निघालं.

दुखणं हे की गेममध्ये मला सगळं आधीच माहीत असतं.

एकोणीस वर्षांचं पोरगं समोर येतं. आज 48, पुढे 76 होणार, असं त्याच्या नावापुढे लिहिलेलंच असतं. म्हणजे पोरासोबत त्याची कुंडलीही मांडून मिळते. मग मॅनेजर म्हणून मी काय दिवे लावले? मोठा आकडा कोणता ते ओळखलं. ते तर आमच्या गल्लीतला भाजीवालाही ओळखेल.

मी संध्याकाळी एका शाळेच्या मुलींचा संघ घेतो. दरवर्षी जूनमध्ये वीस-पंचवीस मुली येतात. मी उंची बघतो, हाताचे पंजे बघतो, पळताना टाच टेकते का ते बघतो आणि अंदाज बांधतो. निम्मे अंदाज सपशेल आपटतात. एक मुलगी होती, पहिल्या वर्षी प्रत्येक पास छातीवर आदळून घ्यायची. वैतागून मी तिला स्कोअरशीट लिहायला बसवलं. वर्षभर टेबलामागे बसून तिने काय पाहिलं कुणास ठाऊक. दुसऱ्या वर्षी कोर्टवर आली तेव्हा समोरच्या संघात कोण कोणाला पास देते, कोणाचा डावा हात लंगडा, हे तिला पाठ होतं. आज आमची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ चालवणारी, तीच आहे. गेमने तिला काय आकडा दिला असता? 22, पुढे 30. आणि मी एका क्लिकमध्ये तिला काढून टाकलं असतं.

बरं, हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं नाही. निकोला योकिच एनबीएच्या 2014 च्या ड्राफ्टमध्ये 41 वा निवडला गेला. करोडो रुपये खर्चून जगभर माणसं फिरवणाऱ्या संघांनी त्याच्या आधी चाळीस जणांना पसंती दिली. पुढे तो तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला, 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. ड्राफ्टच्या रात्री कोणाच्याच स्क्रीनवर 'पुढे 97' लिहिलेलं नव्हतं.

काही गेम आकड्यात थोडी लबाडी करतात, 48 च्या जागी 52 दाखवतात. त्याने भागत नाही. आकडा पुसट केला तरी तो आकडाच राहतो. मला हवी आहेत माणसांनी लिहिलेली मतं, तीही एकमेकांना छेद देणारी. एक स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, म्हणणार "हात मऊ आहे, पण पळायचा आळस", दुसरा म्हणणार "मेहनती आहे, ताकद नाही". आणि प्रत्येक स्काउटची खोड वेगळी असावी. आमच्याकडे नाही का, सहा फुटी पोरगं दिसलं की त्याला चेंडू धरता येतो का हे न बघताच जर्सी देणारे सर असतात? तसा एक स्काउट गेममध्ये पाहिजेच. त्याचं किती ऐकायचं, हे कळायला मला दोन-तीन सीझन हात पोळून घेऊ द्या.

दुसरी गोष्ट बेरजेची. गेममध्ये पाच स्टार गोळा केले की संघ आपोआप अजिंक्य. 2004 चा जून आठवा. एनबीएतल्या लेकर्स संघाकडे शॅकिल ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन, चौघेही बडे. फायनलमध्ये डेट्रॉइटने त्यांना 4-1 ने झोपवलं. डेट्रॉइटचे कोच लॅरी ब्राउन. दोनच महिन्यांनी अथेन्स ऑलिंपिकमध्ये तेच लॅरी ब्राउन अमेरिकेच्या स्टार मंडळींना घेऊन उतरले आणि पोर्टो रिकोकडून 92-73 असा मार खाल्ला. शेवटी कांस्यपदकावर समाधान. कोच एकच, उन्हाळा एकच.

हिशेब अवघड नाही. एनबीएच्या संघाला एका सामन्यात साधारण 100 पझेशन, म्हणजे चेंडू हातात घेऊन हल्ला करायच्या संधी, मिळतात. पाचही जणांना पंचवीस-पंचवीस पाहिजे असतील तर वरचे पंचवीस आणायचे कुठून? भरीत पार्टीला सगळेच वांगी भाजायला बसले तर कळण्याच्या भाकरी कोण थापणार? बरेच गेम मात्र खेळाडूची टक्केवारी त्याच्या अंगाला शिवलेली समजतात. दहा शॉट मारून 50 टक्के, तर वीस मारूनही 50 टक्के. खऱ्या कोर्टवर वरचे दहा शॉट अंगावर दोघे डिफेंडर घेऊन मारावे लागतात आणि टक्केवारी घसरते. उलट कोपऱ्यात एक बरा नेमबाज नुसता उभा केला तरी त्याचा माणूस रिंगखाली मदतीला जाऊ शकत नाही. त्याने चेंडूला हातही लावलेला नसतो, पण बास्केट त्याच्यामुळे झालेली असते. हे गणित इंजिनात घाला. चेहरे, जर्सी, स्टेडियमचे दिवे नंतर बघू. नाही घातले तरी चालेल.

आता फाऊल. यावर मी तासभर बोलू शकतो, पण एकच सामना सांगतो. जिल्हास्तरावरचा, सिमेंटचं कोर्ट, धूळ उडवणारा वारा. आमची सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी, एकटीच उंच. हाफटाइमच्या आधीच तिचे तीन फाऊल झाले. आपल्याकडे पाचव्या फाऊलला बाहेर. आम्ही नऊने पुढे. तिला बसवलं. ती माझ्या शेजारी टॉवेलचं टोक चावत बसली आणि समोर आमचे नऊ पॉइंट वितळत गेले. तिसऱ्या क्वार्टरला राहवलं नाही, परत उतरवली. दोन मिनिटांत चौथा. मग तिला ठेवावं की काढावं? ठेवली, तर ती फाऊलच्या भीतीने हातच वर करेना. कोर्टवर असून नसल्यासारखी. तीनने हरलो. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही.

गेममध्ये या सगळ्याची एक ओळ येते: फाऊल 5. बदली आपोआप. चार फाऊल असलेला खेळाडू मला भित्रा दिसला पाहिजे, समोरच्याने मुद्दाम त्याच्याच अंगावर चाल केली पाहिजे, आणि बेंचवर बसवायचा की नाही हा घाम मला फुटला पाहिजे. वास्तव वास्तव म्हणतात ते मला इथे हवंय.

एका बाबतीत मात्र मी गेमच्या बाजूने आहे. माझा भुसावळचा मित्र हरला की फोन करतो, "काय भो, हा गेम चीटिंग करतो! 36 टक्केवाल्याने दहात एकच थ्री मारला!" (थ्री म्हणजे लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट.) आणि जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला गेम उघडून तोच सामना परत खेळतो. अरे बाबा, कागद घे. शंभरात 36 थ्री साधणाऱ्याने दहा प्रयत्न केले तर एक किंवा शून्य लागण्याची शक्यता साडेसात टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तेरा-चौदा सामन्यांत एकदा, सीझनमध्ये सहा वेळा. 2018 मध्ये ह्यूस्टनने एनबीएच्या पश्चिम विभागाच्या फायनलच्या सातव्या सामन्यात सलग 27 थ्री चुकवले. त्यांना कोणता सेव्ह उघडता आला? लीग वास्तव हवी असेल तर गेम बनवणाऱ्यांनी सर्वांत आधी परत मागे जायची वाट बंद करावी. निदान तसा एक मोड तरी द्यावा.

ट्रेडबद्दल, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीबद्दल, लोक फार ओरडतात, कॉम्प्युटरचे संघ मूर्खासारखे सौदे करतात म्हणून. पूर्वी मीही ओरडायचो. मग फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने आपला सर्वांत मोठा स्टार, पंचवीस वर्षांचा लुका डॉनचिच लेकर्सना देऊन टाकला. गेममध्ये हे झालं असतं तर मी बग म्हणून कळवलं असतं. तेव्हापासून त्या विषयावर गप्प आहे.

दुखापती आणि प्रवास यांचंही रडगाणं आहे, पण ते पुन्हा कधीतरी. विभागीय सामन्याला पहाटेच्या एसटीने नाशिक गाठून अकरा वाजता कोर्टवर उतरलेल्या मुलींचे पाय कसे चालतात, ते मी पाहिलंय. घरच्या संघाला सरसकट चार गुण जास्त देऊन ते येत नाही.

तर चिकटपट्टी. कागदाखाली रेटिंग, पोटेन्शियल (म्हणजे तो 'पुढे'चा आकडा) सगळं झाकलं आणि फक्त सामन्यांचे आकडे बघून एक सीझन खेळलो. एका तिशीतल्या फॉरवर्डवर जीव जडला. रिबाउंड घ्यायचा, चेंडू गमवायचा नाही, तो कोर्टवर असताना संघ पुढे असायचा. त्याला तीन वर्षांचा भरभक्कम करार दिला. पहिल्यांदाच त्या गेममध्ये सही करताना हात थांबला. आठव्या क्रमांकावर राहून कसेबसे प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना पोचलो आणि पहिल्याच फेरीत घरी आलो.

काल कागद सोलून पाहिला. गडी 51 चा निघाला. स्क्रीनवर चिकटपट्टीचा डिंक राहिलाय, तो रॉकेलने निघतो का कोणाला माहीत असेल तर सांगा. गड्याला मी ठेवलंय.