व्हाइट वाइनमधले ते खडे काचेचे नाहीत

‘व्हाइट वाइनच्या तळाशी चमकणारे खडे म्हणजे काचेचा चुरा, बाटली फेकून द्या’ असा मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही. द्राक्षांत मुळातच टार्टारिक आम्ल असतं. बाटली बरेच दिवस फ्रिजमध्ये राहिली, की पोटॅशियमसोबत त्याचे स्फटिक बनतात आणि तळाशी किंवा बुचाला चिकटतात. रिस्लिंग, सोव्हिन्यो ब्लां या व्हाइट वाइनचा तरतरीत आंबटपणा आवडतो ना? त्यात याच आम्लाचा मोठा वाटा! स्फटिक पोटात गेले तरी अपाय नाही. शंका असेल तर एखादा खडा भरपूर कढत पाण्यात ढवळा. स्फटिक विरघळतो, काच नाही. विरघळलाच नाही, तर मात्र पिऊ नका.