चाळिशीनंतरचं व्हायोलिन: पुढे पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका मजकुराला उत्तर

गेले काही महिने एक मजकूर ग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: व्हायोलिन सात-आठ वर्षांच्या आत हातात आलं नाही तर नाद सोडा. मोठेपणी कान तयार होत नाही, सतारीसारखे पडदे (बोटाची जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नसल्यामुळे सूर सापडत नाही, बोटं वळत नाहीत आणि दहा हजार तास द्यायला आयुष्य उरत नाही. हौसच असेल तर पेटी घ्या. मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गज, म्हणजे व्हायोलिन वाजवायची काठी, हातात धरला. हा मजकूर वाचून माझ्या मैत्रिणीने क्लासची चौकशी अर्ध्यावर सोडली, म्हणून लिहायला बसले.

कानापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. कसलाही आधार नसताना एखादा स्वर ऐकून तो पेटीची कोणती पट्टी हे सांगणं बहुधा लहानपणीच्या शिक्षणातूनच जमतं, हे खरं. पण आपल्या संगीतात त्यावाचून काही अडत नाही. आपला सा एका जागी बांधलेला नाही. तंबोरा जिथे मिळवला तिथे सा, आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने. हे नातं ओळखायला मोठेपणीही शिकता येतं. ज्याने वर्षानुवर्षं अभंग आणि नाट्यगीतं मनापासून ऐकली आहेत, त्याची तर निम्मी तयारी झालेलीच असते. माझा गंधार उतरला की सर काही बोलायच्या आधी मलाच खटकायचं. बोट चुकत होतं, कान नव्हे.

आता पडदे. व्हायोलिनची तार घोडीपर्यंत (तारा जिच्यावर टेकलेल्या असतात ती उभी पट्टी) साधारण 33 सेंटिमीटर वाजते. पहिल्या बोटाच्या जागी एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर स्वर सुमारे 6 सेंटने ढळतो. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, आणि पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे अर्धस्वर, असतो 100 सेंटचा. तारेच्या मध्यावर तीच चूक जवळजवळ दुप्पट होते, पण नवशिक्याचं बोट तिथे लवकर पोचतच नाही. शिवाय वाद्य स्वतःच सांगतं. तारा सा-प-सा-प अशा मिळवलेल्या असल्या आणि सा च्या तारेवर चौथ्या बोटाने पंचम नेमका लागला, की शेजारची मोकळी पंचमाची तार आपोआप थरथरते. ती थरथर डोळ्यांना दिसते. मी आठवडेच्या आठवडे फक्त तिची वाट पाहत वाजवलंय.

बोटांबद्दल अर्धं सत्य आहे. वेग उशिरा येतो. माझी द्रुत तान अजून अडखळते आणि वीस मिनिटांनी खांद्याला विश्रांती द्यावी लागते. पण मुलांना पाव, अर्धं, पाऊण अशी मापं बदलावी लागतात आणि दर वेळी बोटांची अंतरं नव्याने बसवावी लागतात. मोठ्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण मापाचं वाद्य मिळतं. आपल्या पद्धतीत मांडी घालून वाद्याचा शेंडा उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे डाव्या हाताला वाद्य पेलायचं नसतं, तो तारेवर मोकळा फिरतो.

दहा हजार तासांचा आकडा बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरच्या 1993 च्या अभ्यासातून आला. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. एकल वादक म्हणून मंचावर उभं राहू पाहणारी ती मुलं. त्याच अभ्यासात, संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा अठराव्या वर्षापर्यंतचा रियाज या गटाच्या निम्म्याहूनही कमी भरला. शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनाही जो आकडा लागू पडला नाही, तो घरी भूप राग वाजवू पाहणाऱ्या बाईला का लावायचा? रोज चाळीस मिनिटं म्हणजे वर्षाला सुमारे 240 तास. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक छोटी बंदिश मला अस्ताई-अंतऱ्यासह वाजवता येत होती.

राहिली पेटी. पेटी मला आवडते, आमच्या घरात ती आहे. पण तिच्या पट्ट्या सुट्या आहेत. डी. के. दातार किंवा एन. राजम यांचं व्हायोलिन ऐकताना कुणी गातंय असं वाटतं, ते दोन स्वरांमधली वाट बोटाखाली असते म्हणून. भूपात पंचमावरून गंधारावर येणारी मींड, म्हणजे न तुटता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीवर निघत नाही, दोन वेगळे स्वर ऐकू येतात. मला तीच मींड हवी होती. ती पहिल्यांदा न तुटता आली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.