पुण्य कमवा, कपाट रिकामं करा

दिवाळीची साफसफाई उरकली, म्हणजे आता आपलं लक्ष परलोकाकडे वळलं असणार. गेल्या रविवारी आमच्या वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात गाठोड्यांचा जो ढीग येऊन पडला, त्यावरून लोकांना पुण्याची भलतीच घाई झालेली दिसते. तो ढीग उपसायला मी होते, तेव्हा चार सूचना करायचा अधिकार मला आहे.

दान नेहमी उजेडात करा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय, खोटेपणाने यज्ञ वाया जातो, गर्वाने तप आणि बोभाटा केल्याने दान. पण मनूला कुठे स्टेटस ठेवायचं होतं? तुम्ही आजींच्या हातात ब्लँकेट दिलंत की लगेच सोडू नका. एक टोक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. "आजी, इकडे बघा. जरा हसा ना." फोटो हलला तर ब्लँकेट परत घ्या, पुन्हा द्या. एका ब्लँकेटात दोनदा पुण्य.

देश, काळ, पात्र बघून द्यावं असं गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. जो परतफेड करणार नाही त्यालाच द्यावं, असंही त्याच श्लोकात आहे. ते सोडून द्या.

पावती आधी मागा. जुन्या पँटींवर आयकरातली ८०जीची सवलत हवीच, असं ठणकावून सांगा. वस्तू दिल्या तर ती मिळत नाही आणि रोख रकमेला २००० रुपयांपर्यंतच मिळते, हे टेबलावरची मुलगी समजावत बसेल. तिला आवाज चढवून विचारा, "मग दान करायचं तरी कशाला?" (विचारलं. माझ्यासमोर.)

आता मुख्य मुद्दा, द्यायचं काय. यावर आपल्याकडे ग्रंथांना तोटा नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावावर आपण दिसेल ते दगडी देऊळ खपवतो, त्याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी'त दानावर अख्खा खंड लिहून ठेवला. पण बटणं काढून घेतलेल्या शर्टाचं दान काही त्याला सुचलं नसणार. ते आपण शोधून काढलं.

हो, बटणं काढून. कात्रीने, एकेक, अगदी मुळाशी. कॉलरच्या आतलंसुद्धा. साड्यांचे काठ उतरवून घेतलेले आणि मधलं विटलेलं कापड आमच्याकडे. एकाच पायाची चप्पल. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, तेही अर्धी बाटली, झाकण चिकटून बसलेलं. तळाला ओला टॉवेल, म्हणजे वरचं जे थोडंफार बरं होतं त्यालाही कुबट वास. अहो, ती बटणं कापताना हात एकदाही अडखळला नाही? बटणं डबीत जपून ठेवलीत, आणि ज्यांची बोटं थरथरतात त्या आजोबांनी शर्ट लावायचा कशाने, टाचणीने?

नचिकेताच्या बापाने हेच केलं होतं. सर्वस्व दान करायला निघाला आणि गोठ्यातून बाहेर काय काढलं, तर शेवटचं पाणी प्यालेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या गाई. असल्या गाई देणारा जिथे आनंदच नाही अशा लोकात जातो, असं कठोपनिषद स्वच्छ सांगतं. पोराने विचारलं, मला कुणाला देणार? बाप भडकून म्हणाला, यमाला. खरं बोलणाऱ्या पोरांचं घरोघरी हेच होतं. पण त्या गाईंनी निदान आयुष्यभर दूध तरी दिलं होतं!

पूर्वी ग्रहण लागलं की "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी हाळी यायची. आता तुमच्या कपाटाचं गिऱ्हाण सुटतं आणि आम्हाला लागतं.

पुरे झालं. त्या ढिगातलं निम्म्याहून जास्त आम्ही फेकून दिलं. त्यासाठी टेम्पो सांगावा लागला आणि भाडं संस्थेने भरलं, म्हणजे कुणीतरी मनापासून दिलेल्या पैशांतून तुमचा कचरा वाहून नेला. तुम्हाला कचरागाडीपर्यंत चालत जायचा कंटाळा, म्हणून म्हातारी माणसं शोधता? ज्या कपड्याला आपण पोतेरं म्हणतो तो दुसऱ्याच्या आईने अंगात घालावा, असं वाटतं तरी कसं? श्रद्धेने द्यावं, श्रद्धा नसेल तर देऊ नये, लाजत द्यावं, असं तैत्तिरीय उपनिषदात आहे. सगळी गाठोडी सोडून पाहिली, लाज एकातही निघाली नाही.

यायच्या आधी फोन करा आणि काय हवंय ते विचारा. मोठ्यांचे डायपर लागतात. नवे बनियन, कपडे धुवायची पावडर, अंथरुणावर घालायचं रबरी कापड लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. हे कुणी आणत नाही, कारण ते विकत घ्यावं लागतं.