डीएनए अहवाल आला की पोटगी बंद? कायदा तसं म्हणत नाही

घटस्फोटित पुरुषांसाठी म्हणून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचं सांगणं असं: मुलाची लाळ किंवा केस खासगी प्रयोगशाळेत द्या. मूल तुमचं नाही असा अहवाल आला की पोटगी बंद, भरलेले पैसे परत आणि जन्मदाखल्यावरून तुमचं नाव कमी. बायकोने चाचणीला नकार दिला तर तोच तिच्याविरुद्ध पुरावा.

अहवाल आला की काम झालं, हा यातला सगळ्यात घातक गैरसमज. भारतात न्यायालय आधी वेगळाच प्रश्न विचारतं: गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधी होती का? 1872च्या पुरावा कायद्याचं कलम 112 हेच सांगत होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 116 तेच सांगतं. लग्न कायम असताना मूल जन्मलं, किंवा लग्न संपल्यावर 280 दिवसांत जन्मलं आणि आईने तोवर दुसरं लग्न केलं नसेल, तर ते त्या नवऱ्याचंच औरस मूल. म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडल्यानंतर जन्मलेलं मूलसुद्धा कायद्याने पूर्वीच्या नवऱ्याचं असू शकतं. संधी नव्हतीच, हे सिद्ध करण्याचं ओझं नवऱ्यावर.

ते ओझं न उचलता चाचणी मागता येत नाही. सरसकट रक्तचाचणीचे आदेश देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच बजावलं. 2001 मध्ये तर त्याने म्हटलं की डीएनए चाचणीचा निष्कर्ष खरा असला, तरी तेवढ्याने कलम 112चं गृहीतक मोडत नाही. मूळ कलम लिहिलं गेलं तेव्हा रक्तगटांचाही शोध लागला नव्हता, त्यामुळे हे कुणाला जुनाट वाटलं तर मी वाद घालणार नाही. पण त्यामागचा हेतू, आईबापांच्या भांडणात मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसू नये हा, अजून शिळा झालेला नाही.

परस्पर घेतलेल्या नमुन्याचं तर विचारूच नका. तो कुणाचा, कुणी घेतला, वाटेत बदलला नाही कशावरून, यातलं काहीच तो कागद सांगत नाही. पुण्याच्या एका खटल्यात नवऱ्याने असाच खासगी अहवाल आणला होता. कुटुंब न्यायालयाने मुलाच्या चाचणीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. व्यभिचार सिद्ध करायचा तर इतर पुरावा आणा, त्यासाठी मुलाला साधन करू नका, हा त्या निकालाचा रोख. मुलाची चाचणी करू द्यायला आईने नकार दिला म्हणून मूल अनौरस ठरवता येणार नाही, हेही तिथेच स्पष्ट झालं. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2014चा निकाल अर्धवट ऐकला असावा. त्यात नकार देणाऱ्या पत्नीविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढण्याची मुभा होती खरी, पण तो तिच्या व्यभिचाराच्या मुद्द्यापुरता.

जन्मदाखल्याचं थोडक्यात: प्रयोगशाळेचा कागद दाखवून नोंदणी कार्यालयातून वडिलांचं नाव काढून मिळत नाही. वाद असेल तर औरसपणाचा निवाडा न्यायालयातूनच आणावा लागतो.

आता पैसे. इथे मजकुरात थोडं तथ्य आहे. एका प्रकरणात न्यायालयाच्याच आदेशाने दोनदा चाचणी झाली आणि दोन्ही वेळा नवरा जैविक पिता नसल्याचं निघालं. गृहीतक आणि विज्ञानाने दाखवलेलं सत्य समोरासमोर आलं तर सत्य मानावं, असं म्हणत 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुलीच्या पोटगीतून सुटका केली. निकाल योग्यच होता. दुसऱ्याच्या मुलाचा खर्च आयुष्यभर उचलायला लावणं हाही अन्यायच. मात्र आधी दिलेले पैसे परत घेता येणार नाहीत, असं त्याच निकालात लिहिलं आहे. शिवाय पत्नीची पोटगी हा वेगळा हक्क आहे. मुलाची थांबली म्हणून तिची आपोआप थांबत नाही.

शंका खरोखर असेल तर प्रयोगशाळा गाठण्याआधी वकिलाकडे त्या महिन्यांचे कागद न्या: परदेशात असाल तर पासपोर्टवरचे शिक्के, नोकरीतल्या नेमणुकीचे आदेश, वेगळं राहत असल्याचा पुरावा. संधी नव्हती हे त्यातून प्रथमदर्शनी दिसलं, तरच न्यायालय चाचणीचा विचार करेल.