नंबर विचारला, शिवी नाही दिली

आज धुळ्यात बचत गटांच्या प्रदर्शनात होते. शेजारच्या स्टॉलवर आमच्या आक्का. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया. दुपारी अन्न सुरक्षा अधिकारी आले आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडच्या नोंदणीचा, नंबर विचारला. आक्कांकडे नव्हता. त्यांचे डोळेच भरून आले. मग काय, आजूबाजूच्या सगळ्या बाया त्या माणसावर तुटून पडल्या. "घरना पापडले कसाना नंबर?" "आधी मोठ्या कंपन्या धरा!" तो समजावत होता, पण कोणी ऐकेना. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीच चीड येतेय.

कारण मला 2021 चा उन्हाळा आठवत होता.

नंदुरबारची मिरची आणली होती. पथारीवर असताना अवकाळी पडून गेलेला, पण व्यापारी म्हणाला, वाळलीय चांगली. मीही पुन्हा ऊन दाखवलं, देठं खुडली, काळा मसाला कांडून आणला. तीन खेपा मिळून चाळीस किलो. साध्या पिशव्या, मेणबत्तीवर चिकटवलेल्या. वर एक अक्षर नाही. कशाला लिहायचं? ताईंचा मसाला सगळ्यांना माहीत! वीस दिवसांनी अमळनेरहून एका बाईचा फोन आला. "ताई, मसाल्याला कुबट वास येतोय. माझी पोटुशी लेक माहेरी आलीय, आठवडाभर तोच खातेय."

कुठल्या खेपेचा मसाला? कधी कांडलेला? मला सांगता येईना. त्याच खेपेच्या बाकीच्या पिशव्या कोणाच्या घरात गेल्या, तेही नाही. ओल्या मिरचीवर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते भाजूनही पुरतं जात नाही, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी वही काढून एकेकाला फोन लावत होते आणि निम्म्या लोकांची नावंच वहीत नव्हती.

म्हणून सांगते, पाकिटावरचा नोंदणीचा नंबर, खेपेचा म्हणजे बॅच नंबर आणि तारीख म्हणजे सरकारची कटकट नाही. तुमचा पदार्थ ज्या घरात गेला, तिथपर्यंत परत पोहोचायची ती वाट आहे. "घरगुती" म्हटलं की बुरशी लाजून माघारी जात नाही.

हो, नोंदणी करून देणारे एजंट लुटतात. मान्य. माझ्याकडेही एकाने तीन हजार मागितले होते. प्रत्यक्षात 2022 मध्ये मी स्वतः फॉर्म भरला तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाची फी 100 रुपये होती. फोटो, ओळखपत्र, थोडी माहिती, आणि चौदा आकडी नंबर हातात. मोठ्यांना सोडतात हेही खरं असेल. पण म्हणून माझ्या मसाल्याची पिशवी कोरी ठेवायची?

त्या मुलीला काही झालं नाही. बाळही चांगलं आहे. तरी तो फोन अजून कानात आहे. उरलेला सगळा मसाला मी खड्ड्यात पुरला. बावीस किलो. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

आक्कांचं मात्र वाईट वाटतं. चाळीस वर्षं पापड लाटतेय ती बाई. पापडखाराचं प्रमाण तिच्या बोटांत आहे. कोणीतरी येऊन नंबर विचारतो तेव्हा तिला वाटतं, आपल्या हातावरच संशय घेतला. हे तिला नीट बसून आधी कोणी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं. माझा फोनचा किस्सा मी तिला आजपर्यंत सांगितलाच नव्हता, लाज वाटायची.

संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "माय, पोरगी बरी शे ना?" मग फॉर्म भरायला बसलो. रेंज जात होती, फोटो काही चढेना. तोवर तिने नातवाच्या वहीतलं पान फाडलं, आजच्या पापडांच्या डब्यावर तारीख लिहून चिकटवली. उद्या सकाळी पुन्हा जातेय, फोटो चढवायला. तुमच्यापैकी कोणाचा राहिला असेल तर या, सोबतच भरू.