कीपरला सरासरी विचारणं बंद करा

डोकं फिरतं माझं. दर वेळी फिरतं. क्रिकेटच्या गप्पा रंगात आलेल्या असतात, कोणीतरी जगातल्या उत्तम यष्टिरक्षकांची नावं घ्यायला लागतो, मी म्हणतो इंग्लंडचा जॅक रसेल, आणि समोरचा खिशातून मोबाइल काढतो. दोन सेकंदांत निकाल तयार. "बॅटिंगची सरासरी सत्तावीस? सोड ना. एवढा भारी होता तर चोपन्नच टेस्ट कशा खेळला?"

चोपन्नच कशा! अरे, हाच तर प्रश्न आहे. फक्त तो रसेलला विचारायचा नसतो, त्याला बाहेर बसवणाऱ्यांना विचारायचा असतो.

ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच, लोकलमध्ये हेच, घरी मॅच लागली की पाहुण्यांच्या तोंडी हेच. कीपरचं नाव निघालं की पहिला प्रश्न रनांचा. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ग्लेन मॅकग्रा सातच्या सरासरीने १२४ टेस्ट खेळला, त्याला कोणी विचारलं का, की बाबा तुझ्या रनांचं काय? नाही विचारलं, कारण त्याचं काम वेगळं होतं. मग कीपरचंही काम वेगळंच आहे ना? की ते कामच नाही? कोणीही ग्लोव्ह्ज घालावेत आणि मागे उभं राहावं, असंच लोकांना मनापासून वाटतं. मला चीड आहे ती या वाटण्याची.

दिवसाची ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. ५४० वेळा खाली बसायचं, ५४० वेळा उठायचं, आणि त्यातल्या प्रत्येक चेंडूवर हा आपल्याकडेच येणार असं धरून चालायचं. स्लिपमधला माणूस दोन चेंडूंमध्ये गप्पा मारू शकतो, डीपमधला प्रेक्षकांकडून पाणी घेऊ शकतो. कीपरला ती सोय नाही. स्टम्पजवळ उभं असताना चेंडू लेग साइडला गेला तर तो फलंदाजाच्या अंगाआड जातो, दिसतच नाही. पायाच्या हालचालीवरून, टप्प्यावरून, अंदाजाने हात तिकडे न्यायचे. आणि इतकं करून चेंडू अलगद ग्लोव्ह्जमध्ये विसावला तर स्कोअरबुकात त्याची नोंद काय? काहीच नाही. सुटला तर चार बाय, म्हणजे बॅटला न लागता गेलेल्या चार धावा, सगळ्यांसमोर.

आता रसेलचं ऐका. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडचा हा पोरगा. १९८८ मध्ये लॉर्ड्‌सवर श्रीलंकेविरुद्ध पहिली टेस्ट, नाइटवॉचमन म्हणून, म्हणजे दिवस संपता संपता खऱ्या फलंदाजाला वाचवायला पाठवला तर ९४ काढून आला. पुढच्या वर्षी ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२८. म्हणजे बॅट धरता येत नव्हती असंही नाही. पण ते सोडा, मला रनांवर बोलायचंच नाही.

जानेवारी १९९१, सिडनी. डीन जोन्स ६० वर खेळतोय. गोलंदाज ग्लॅडस्टोन स्मॉल, वेगवान गोलंदाज. एरवी अशा गोलंदाजाला कीपर बराच मागे उभा राहतो. रसेल स्टम्पला चिकटून उभा. चेंडू लेग साइडला गेला, जोन्सचा तोल पुढे गेला, आणि रसेलने चेंडू घेऊन बेल्स उडवल्या. घेणं आणि उडवणं या दोन क्रिया वेगळ्या दिसतच नाहीत, सगळं एकाच हालचालीत. ज्याने तो क्षण पाहिलाय त्याला कीपिंग म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि पुढची टेस्ट, ॲडलेड. रसेल बाहेर! ग्लोव्ह्ज सलामीचा फलंदाज ॲलेक स्ट्युअर्टकडे. कारण? संघाचा समतोल. त्याच महिन्यात जगातलं सर्वात अवघड काम करून दाखवणाऱ्या माणसाला बसवलं, तेही त्या कामात तो कमी पडला म्हणून नाही, तर दुसऱ्या कामात दुसरा जास्त उपयोगी पडेल म्हणून. हा समतोल पुढची सात वर्षं रसेलच्या मानगुटीवर बसला. इंग्लंड हरलं की रसेल बाहेर, कधी जादा फलंदाज हवा म्हणून, कधी जादा गोलंदाज हवा म्हणून. वरची फळी कोसळायची आणि शिक्षा मागे ग्लोव्ह्ज घालून उभ्या असलेल्याला.

बरं, तुम्हाला आकडेच हवेत ना? घ्या आकडे. स्ट्युअर्ट कीपिंग करत नव्हता तेव्हाची त्याची टेस्ट सरासरी ४६ च्या वर. कीपर म्हणून खेळला तेव्हा ३५ च्या आसपास. त्याचा दोष नाही, दिवसभर उठाबशा काढून नव्या चेंडूसमोर उभं राहिल्यावर कोणाचंही हेच होईल. आता बेरीज करा. रसेलचे २७ आणि मोकळ्या स्ट्युअर्टचे ४६, झाले ७३. रसेलला काढा, उरतात स्ट्युअर्टचे ३५. म्हणजे आत येणाऱ्या जादा फलंदाजाने ३८ ची सरासरी ठेवली तर कुठे बरोबरी. त्या काळात आत-बाहेर करणारे फलंदाज कोण? ग्रॅमी हिक, टेस्ट सरासरी ३१.३२. मार्क रामप्रकाश, २७.३२. काउंटीत, म्हणजे इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये, दोघांनी शतकांची शंभरी ओलांडली, मोठे खेळाडू, वाद नाही. पण टेस्टमध्ये रामप्रकाश २७.३२ आणि रसेल २७.१०! फलंदाजी वाढवायची म्हणून जगातला सर्वोत्तम कीपर काढायचा आणि हाती काय लागायचं? तेवढेच रन. वर आपला सर्वात चांगला सलामीवीर थकवून टाकायचा. हा हिशेब शाळकरी पोरगा मांडेल. निवड समितीला नाही मांडता आला, आणि आज मोबाइल काढून "सत्तावीस" म्हणणाऱ्यालाही नाही मांडता येत.

यातलं सर्वात संतापजनक प्रकरण तर आपल्याच अंगणात घडलं. १९९२-९३ चा इंग्लंडचा भारत दौरा. समोर कुंबळे, राजू, चौहान. खेळपट्ट्या फिरकीच्या, चेंडू खाली राहणार, वळणार, लेग स्टम्पबाहेर पडणार. स्टम्पला चिकटून कीपिंग करणारा माणूस कधी हवा असेल तर अशाच दौऱ्यावर. आणि रसेलला आणलंच नाही! फलंदाज डेव्हिड गॉवर आणि रसेल, दोघंही घरी. इंग्लंडमध्येही भडका उडाला. जानेवारी १९९३ मध्ये एमसीसी या इंग्लंडच्या जुन्या क्रिकेट क्लबच्या सभासदांनी खास सभा बोलावून निवड समितीवर अविश्वासाचा ठराव मांडला. त्यातला मोठा राग गॉवरसाठी होता हे खरं, पण रसेलचं नावही त्यात होतं. सभागृहात ठराव जिंकला, टपालाने आलेल्या मतांनी पडला.

मग इकडे काय झालं? कोलकात्यात स्ट्युअर्ट कीपर. चेन्नईत कप्तान गूच आजारी, कप्तानी स्ट्युअर्टच्या गळ्यात, ग्लोव्ह्ज रिचर्ड ब्लेकीला. वानखेडेवर पुन्हा ब्लेकी. याच वानखेडेवर विनोद कांबळीने २२४ ठोकल्या. फलंदाजी जास्त बरी म्हणून आणलेल्या ब्लेकीच्या दोन टेस्टच्या चार डावांत मिळून धावा किती? सात. त्या बिचाऱ्यावर राग नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. राग त्या डोक्यांवर, ज्यांनी रनांसाठी कीपर सोडला आणि शेवटी रनही नाहीत, कीपरही नाही. मालिका ३-० ने गेली. रसेल असता तर इंग्लंड जिंकलं असतं असं मी म्हणत नाही. आपण त्या हिवाळ्यात कोणालाही हरवलं असतं. पण आपल्या खेळपट्ट्यांवर कुंबळेच्या समोरच्या संघात रसेल कसा उभा राहतो हे पाहायला आपल्या पिढीला मिळायला हवं होतं, आणि ते मिळालं नाही.

वानखेडेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. फेब्रुवारी १९८० च्या सुवर्णमहोत्सवी टेस्टमध्ये इंग्लंडच्या बॉब टेलरने तिथे १० झेल घेतले, विश्वविक्रम. सगळ्यांना त्या सामन्यातला बोथम आठवतो, आणि बाद दिलेल्या टेलरला विश्वनाथने परत बोलावलं तो मोठेपणा आठवतो. टेलरचे १० झेल मुद्दाम सांगावे लागतात. हाच टेलर १९७१ मध्ये पहिली टेस्ट खेळला आणि दुसरी थेट १९७७ मध्ये, पहिल्या पसंतीचा कीपर ॲलन नॉट पॅकरच्या बंडखोर मालिकेत गेल्यावर. नॉट ग्लोव्ह्जमध्येही थोर होता, तिथे निदान तक्रार करता येत नाही.

टेलरचा तो विक्रम मोडला रसेलनेच. १९९५, जोहान्सबर्ग, एका टेस्टमध्ये ११ झेल. नंतर डिव्हिलियर्सने आणि आपल्या पंतने बरोबरी केली, पुढे अजून कोणी गेलेला नाही. आणि त्याच सामन्यात चौथ्या डावात पाच गडी गेलेले, सामना हातातून चाललेला, तेव्हा रसेल कप्तान आथर्टनच्या जोडीला आला. नाबाद २९, चेंडू २३५! आथर्टनच्या नाबाद १८५ वर लोक आजही भरभरून लिहितात, लिहावंच. पण त्या २९ चा सरासरीत भाव किती? २९ रन. टेस्ट वाचवली, साडेचार तास किल्ला लढवला, आणि तुमच्या मोबाइलवर त्याची किंमत तेवढीच, जेवढी कोणीतरी हरलेल्या सामन्यात बॅट फिरवून काढलेल्या २९ ची. १९९६ मध्ये लॉर्ड्‌सवर गांगुलीने पदार्पणात १३१ काढल्या ती टेस्ट आपल्याला पाठ आहे. सामनावीर कोण होता? रसेल, १२४. त्याच हिवाळ्यात झिम्बाब्वे-न्यूझीलंड दौऱ्यावर एकही टेस्ट नाही. १२४ काढूनही नाही! मग रन तरी किती काढायचे त्याने?

१९९८ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये शेवटची टेस्ट. देशाने सोडलं, पण ग्लॉस्टरशायरने नाही सोडलं. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत या छोट्या काउंटीने एकदिवसीय क्रिकेटच्या पाच स्पर्धा जिंकल्या. मोठी नावं नाहीत, तुफान फलंदाज नाहीत. मध्यमगती गोलंदाज आणि त्यांना स्टम्पला चिकटून उभा रसेल. फलंदाजाला क्रीज सोडून पुढे येताच येईना, पाय अडकला, धावा आटल्या. कीपर सामना कसा जिंकून देतो हे दोन वर्षं रोज मैदानावर दिसत होतं. सरासरीत नव्हतं दिसत, बस.

आणि कोणी म्हणेल, ते जुनं झालं. नाही झालं! इंग्लंडचा कीपर बेन फोक्स बघा. २०१८, गॉल, पदार्पणात १०७, श्रीलंकेतल्या त्या मालिकेचा मानकरी. त्यानंतर वेस्ट इंडिजमध्ये दोन टेस्ट आणि बाहेर. पुढची टेस्ट दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२१, चेन्नई. पहिल्या दिवसापासून धूळ उडवणारी खेळपट्टी. भारताच्या ३२९, आणि त्यात अवांतर धावा शून्य. एकही बाय नाही. एकही अवांतर न देता झालेली ती टेस्टमधली सर्वात मोठी धावसंख्या. श्रेय गोलंदाजांचंही आहे, पण त्या खेळपट्टीवर एकही बाय न जाऊ देणं हे कीपरचं. त्याआधीचा विक्रम ३२८ चा, १९५५ मध्ये लाहोरला पाकिस्तानने भारताविरुद्ध केलेल्या. तेव्हा भारताच्या स्टम्पमागे कोण होता? आपल्या मुंबईचा नरेन ताम्हाणे. सुभाष गुप्तेच्या गोलंदाजीवर कीपिंग करणारा ताम्हाणे. किती जणांना नाव माहीत आहे? तोही २१ टेस्टमध्ये संपला. त्याचीही सरासरीच काढतात.

२०२३ च्या ॲशेसला, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेला, फोक्स पुन्हा बाहेर, बेअरस्टो आत. एजबॅस्टनला बेअरस्टोने ७८ काढल्या, मान्य. मागे ग्रीनचं स्टम्पिंग सुटलं, कॅरीचा झेल सुटला, आणि ऑस्ट्रेलिया दोन गडी राखून जिंकलं. २०२४ मध्ये हैदराबादला अश्विन आणि सिराज दोघांना फोक्सने यष्टिचित केलं, इंग्लंड २८ धावांनी जिंकलं, पाचही टेस्ट खेळला. जुलै उजाडला आणि पुन्हा बाहेर, जेमी स्मिथ आत. स्मिथ फलंदाज उत्तम आहे. पण तो सरे काउंटीचा, फोक्सही सरेचा, आणि सरेचा पहिल्या पसंतीचा कीपर फोक्स! काउंटीत जो ग्लोव्ह्ज दुसऱ्याला देतो तो देशासाठी घालतो. रसेलच्या बाबतीत जे झालं ते जसंच्या तसं पुन्हा.

याचा परिणाम आपल्या मैदानांवरही दिसतो आणि तिथे तर फारच वाईट वाटतं. बारा-तेरा वर्षांची पोरं, हात इतके मऊ की चेंडूचा आवाज येत नाही, त्यांना नेटमध्ये तास-तासभर बॅटिंग आणि कीपिंगला जाता जाता दहा मिनिटं. "बॅटिंग सुधार, मागे काय, कोणीही उभा राहील." निवड चाचणीतही आधी पॅड बांधायला सांगतात. एवढंच करा: त्या पोराला आधी स्टम्पला चिकटून उभं करा. मध्यमगती गोलंदाज द्या. मुद्दाम लेग साइडला टाकायला सांगा, एक षटक नाही, दहा षटकं. स्कोअर लिहिणाऱ्याला सुटलेले झेल आणि हुकलेली स्टम्पिंग वेगळ्या रकान्यात लिहायला लावा. मग निवडा कोणाला निवडायचं ते.