कण भौतिकी करायचीय? आधी डेटाला हात लावा

कण भौतिकीत कसं शिरावं असं विचारणाऱ्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या इंदूरच्या मुलाला एका लेखात 'आधी थिअरी पक्की कर, बाकी पुढे' असा सल्ला दिलाय. अर्धाच पटला. या क्षेत्रात बहुतेक कामं डिटेक्टर, प्रवेगक (कणांचा वेग वाढवणारी यंत्रं) आणि डेटा विश्लेषणाची असतात.

म्हणून मित्रा, आजच सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवरून तिथल्या सीएमएस प्रयोगाची दोन म्युऑनवाली (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) सीएसव्ही फाइल उतरव. पायथन पुरे, रूट (सर्नचं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि सी++ नंतर. प्रत्येक जोडीसाठी M² = 2·pT1·pT2·(cosh Δη − cos Δφ) काढून M चा हिस्टोग्राम मांड (M म्हणजे जोडीचं एकत्रित वस्तुमान, pT म्हणजे झोताला आडवा संवेग, η आणि φ म्हणजे कणाची दिशा). 3.1 (जे/साय कण), 9.46 (अप्सिलॉन) आणि 91.2 (झेड) जीईव्हीला शिखरं दिसायला हवीत; जीईव्ही हे इथे वस्तुमानाचं एकक. हमखास गडबड दोन ठिकाणी होते. जोडीतल्या म्युऑनांचा विद्युतभार विरुद्ध हवा ही अट विसरली की नुसती पार्श्वभूमी वाढते. आणि बिन (हिस्टोग्रामच्या एका खांबाची रुंदी) 1 जीईव्हीचा ठेवला तर अप्सिलॉनच्या 9.46, 10.02, 10.36 या तीन अवस्था एकाच ढिगाऱ्यात जातात. तिथे 0.05 घे, दोन्ही अक्ष लॉग ठेव.

प्रवेगकात रस असेल तर राजेंद्रनगरच्या पुढे आपलं कॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आहेच (आरआरकॅट म्हणायची सवय इंदूरकरांना कुठली!). तिथला इंडस-2 हा 2.5 जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन. कण आदळवत नाही, क्ष-किरण देतो. पण आरएफ (कणांना ऊर्जा देणाऱ्या रेडिओ लहरी), निर्वात, चुंबक ही विद्या तीच. सर्नच्या एलएचसी या महाकाय प्रवेगकाचे सुमारे 35 टनी द्विध्रुव चुंबक ज्या जॅकवर टेकलेत, तेही या केंद्रामार्फतच गेले. आयआयटी इंदूरचा गट एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगात आहे, तिथे उन्हाळी प्रकल्पासाठी विचार. मेलला हा हिस्टोग्राम जोड.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी जेस्ट ही संस्थांची सामाईक प्रवेश परीक्षा आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ची परीक्षा. त्यात क्वांटम आणि विद्युतचुंबकत्व कच्चं चालत नाही, तेवढं लेखकाचं बरोबर.